रस्सीखेचीतले पेन्शनर

आमच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत दरवर्षी रस्सीखेच होते. पूर्वी दोन विभाग असे ओढायचे की तालुक्याची हद्द सरकायची आणि बिचाऱ्या तलाठ्याला नकाशा नव्यानं काढावा लागायचा. आता भरतीच नाही. माणूस निवृत्त झाला की त्याची जागाही त्याच्याबरोबर घरी जाते. त्यामुळे यंदा एका बाजूला उरलेसुरले कामगार आणि दुसऱ्या बाजूला पेन्शनर. पेन्शनरांची रांग तर थेट मारुतीच्या देवळापर्यंत!

कामगारांत सगळ्यांत मागे, दोर कमरेला गुंडाळून शिंदेमामा उभे. महिनाअखेरीला निवृत्त होणार, आणि जन्मात एकदाही जिंकलेले नाहीत. ही शेवटची संधी.

"मामा, चार दिवसांनी इकडंच यायचंय, आत्ताच या की!" एक पेन्शनर ओरडला.

"अजून पगार खातोय रे, पेन्शन नाही!" मामा गरजले आणि त्यांनी टाचा रोवल्या.

शिट्टी झाली. मामांच्या टाचांनी अशी चारी पाडली की तिच्यात ऊस लावता आला असता. तरी शेवटी ते रेषेपलीकडे ओढले गेलेच. पेन्शनरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. अलीकडे मामांच्या कमरेवरून सुटलेलं दोराचं टोक मातीत पडलं होतं, आणि ते उचलायला मागे कुणी नव्हतं.