डावीकडची दरी

"माझं काय, मी नुसतं चाक धरतो," असं बिस्का नेहमी म्हणायचा. जानेतपासून तामनरासतपर्यंत सातशे किलोमीटर वाळू आणि काळा दगड. त्यात त्याच्यासारखी गाडी हाकणारा दुसरा कुणी नव्हता. तसं कुणी तोंडावर म्हटलं की तो एवढंच बोलून तोंडावरचं फडकं नाकापर्यंत ओढायचा. मी बावीस वर्षं त्याच्या शेजारी बसलो. फावडं आणि रुतल्या चाकाखाली घालायचे लोखंडी पत्रे माझ्याकडे, वाट त्याच्याकडे. वाळूचा रंग बघून टायरातली किती हवा सोडायची ते तो ठरवायचा. त्याचं कधी चुकलं नाही, हे मी कुणासमोरही सांगेन.

त्या उन्हाळ्यात त्याची बायको रैशा तामनरासतच्या दवाखान्यात होती. मेहुण्याचा फोन आला. पोटाचं दुखणं चिघळलंय, डॉक्टरांनी हात टेकलेत, आईला घेऊन दोन दिवसांत या, ती तुम्हा दोघांचंच नाव घेतेय. आम्ही लगेच निघालो. मागच्या बाकावर बिस्काची सासू, असालामा.

आमच्यात जावई सासूसमोर तोंडावरचं फडकं काढत नाही, घास घेत नाही, तिच्याशी थेट बोलत नाही आणि तिचा शब्द मोडत नाही. मोडला तर चार लोकांत त्याला किंमत उरत नाही. म्हणून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं.

"त्याला सांग, याहून गाढव बरं पळतं."

"बिस्का, गाढव बरं म्हणतात."

"सांग त्यांना, गाढव मध्येच बसलं तर त्याला ढकलता येत नाही."

असालामा हसली. त्या प्रवासातलं तेवढंच हसू.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल सुळक्यापाशी आलो. तिथे वाट फुटते. उजवीकडे लांबचा, दगडांचा, पण धड रस्ता. डावीकडे दरी. असालामानं माझ्या खांद्याला काठी टोचली.

"डावीकडून घ्यायला सांग. अर्धा दिवस वाचेल. बापाचे उंट घेऊन मी याच दरीतून जायचे."

टायरांतली हवा बघायच्या निमित्तानं बिस्का खाली उतरला. मीही उतरलो.

"उंटाचा पाय निराळा, टायर निराळं," तो हळू आवाजात म्हणाला. "दरीतली वाळू पिठासारखी झालीय. मी बघून आलोय."

"मग सांग की!"

"तू सांग. माझं नाव नको."

मी खिडकीशी गेलो. "मावशी, दरीत गाडी रुतेल."

"तुझं डोकं रुतलंय. माझी लेक मरायला टेकलीय आणि तुम्हाला टायरांची काळजी! हे तो म्हणतोय की तू?"

"मीच."

"मग गप बस."

बिस्कानं फडकं डोळ्यांखालपर्यंत ओढलं आणि गाडी डावीकडे वळवली.

दीड दिवस गेला. पत्रे घालायचे, दहा पावलं पुढे जायचं, पुन्हा उपसायचं. तळहात सोलून निघाले. पाणी प्यायलाही बिस्का गाडीच्या पलीकडे जायचा, पाठ करून. असालामा बाभळीखाली बसून बघत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती उठली, चाकापुढे गुडघ्यांवर बसली आणि हातांनीच वाळू ओढू लागली. तिला कुणी अडवलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तामनरासतला पोचलो. मेहुणा दवाखान्याच्या फाटकातच उभा होता. रैशाला सकाळीच मातीत ठेवलं होतं. त्या उन्हात कोण थांबवून धरणार?

"काल संध्याकाळपर्यंत बोलत होती," तो म्हणाला. "रस्त्यावर गाडी वाजली की विचारायची, आले का?"

उजवीकडून आलो असतो तर परवाच पोचलो असतो. हे सांगायची कुणाला गरज नव्हती.

असालामा गाडीला टेकून उभी राहिली. मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यालाच विचारलं, "बिस्का, तुला ठाऊक होतं ना?"

त्यानं जमिनीकडे बघत मला म्हटलं, "त्यांना सांग, नव्हतं ठाऊक."

मी सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"एवढी माझी लाज धरलीस," ती त्याला म्हणाली, "माझ्या लेकीहून मोठी?"

त्यानं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो कोरड्या नदीच्या पात्रात उतरला, कबरस्तान नव्हतं त्या दिशेनं. मी दोन हाका मारल्या. असालामानं मारली नाही. उन्हात काठी धरून ती बघत राहिली, तो दिसेनासा झाल्यावरही.