निंबा सरांचं बेसणं

निंबा सर गेले तेव्हा अख्खं नवागाम हळहळलं. हळहळणारच हो! सुरतेतल्या खानदेशी माणसांपैकी ज्याला म्हणून सा कुठला आणि रे कुठला एवढं कळतं, त्याला ते सरांनीच शिकवलेलं. ऐंशी ओलांडलेला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. असा माणूस गेला की लोक त्याच्या बायकोला म्हणतात, 'तुम्ही भाग्याच्या.' भागीरथीबाईंना हे इतक्यांदा ऐकावं लागलं की त्यांना त्या शब्दाचाच वीट आला होता.

मुलगा योगेंद्र कापड मार्केटात कामाला, ऊठबस सगळी गुजराती लोकांत. म्हणून आपल्याकडचं दहावं-तेरावं तर झालंच, वर त्यानं त्यांच्यासारखं बेसणंही ठेवलं. सोसायटीच्या हॉलमध्ये पांढऱ्या गाद्या, हार घातलेला फोटो आणि भाड्यानं आणलेली भजनपार्टी. लोक पांढऱ्या कपड्यांत येतात, दोन भजनं ऐकतात, हात जोडतात आणि निघतात. भागीरथीबाईंना बायकांच्या बाजूला पुढेच बसवलं होतं. माइक हाताच्या अंतरावर.

भजनवाला म्हणाला, "आता आपण सरांची प्रार्थना म्हणू. सरांची स्वतःची, अजरामर चाल."

झालं! भागीरथीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती चाल सरांची नव्हतीच. ती भागीरथीबाईंची होती.

लग्न होऊन दोघं धुळ्याकडून सुरतेला आली त्या वर्षीची गोष्ट. सरांना मराठी शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागलेली, राहायला लिंबायतला एक खोली. श्रावणात कानबाईदेवीचा सण आला. खानदेशी माणूस परमुलखात येताना काहीही मागे ठेवेल, पण कानबाईला ठेवणार नाही. नारळाला डोळे-नथ लावून माय मांडायची, रोट करायचे, दुसऱ्या दिवशी तापीवर नेऊन निरोप द्यायचा. पण गाणी म्हणणार कोण? सासवा-जावा सगळ्या गावी राहिलेल्या. रोटाचं पीठ चाळता चाळता भागीरथीनं स्वतःच शब्द जुळवले आणि स्वतःच चाल लावली. 'माय मन्ही दारमा उभी ऱ्हायनी.' आई माझी दारात उभी राहिली, एवढंच. पण 'उभी'वर आवाज असा काही वर चढायचा आणि 'ऱ्हायनी'वर इतका सावकाश खाली यायचा, की म्हणताना तिचे तिलाच डोळे भरून यायचे.

सर पेटी घेऊन भिंतीशी बसले होते. म्हणाले, "परत म्हण."

तिनं म्हटलं.

"थांब. ते वर जातेस ना, तेवढंच परत."

पोरगी हरखली. नवरा एवढा शिकलेला, मोठ्या उस्तादांचं नाव घेताना कान धरणारा, आणि आपलं गाणं परत परत मागतोय! पिठाचे हात तसेच ठेवून ती म्हणत राहिली. तो पेटीवर बोटं फिरवत राहिला. त्या दुपारी ती जितकी सुखात होती तितकी पुढे कधीच झाली नाही, आणि हे आठवलं की आजही तिला स्वतःचाच राग येतो.

पुढे शाळेचं स्नेहसंमेलन आलं. योगेंद्र तान्हा, मांडीवर. पोरं रांगेत उभी राहिली आणि प्रार्थना सुरू झाली. शब्द शुद्ध, 'ज्ञानदीप' आणि 'तमोहर' असले. चाल तीच. तीच चढण आणि तीच उतरण. हेडमास्तरांनी सांगितलं, चाल आमच्या निंबा सरांची. टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. भागीरथीला आधी वाटलं, आता ते उठतील आणि सांगतील. ते उठले, हात जोडले आणि बसले.

घरी येताना तिनं विचारलं. सर हसले. "अगं, तुझं ते गुणगुणणं. त्याला मी ताल दिला, सुरांत बसवलं. नुसत्या गुणगुणण्याला कुणी चाल म्हणतं का?"

त्या प्रार्थनेला आंतरशालेय स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. मग ती दुसऱ्या शाळांत गेली, गणेशमंडळांत गेली, मिलमधल्या भजनी मंडळींत गेली. घरी शिकवण्या वाढल्या. एक दिवस सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मुलं बसलेली असताना तू गात जाऊ नकोस. त्यांचे कान बिघडतात."

मेला तो मऊ आवाज! ओरडले असते तर परवडलं असतं.

आणि खरी पंचाईत हीच होती की माणूस वाईट नव्हता. पगार तसाच्या तसा तिच्या हातात आणून द्यायचा. दोन भाऊ गावाहून आणून कामाला लावले, बहिणींची लग्नं केली. सायकलवर घोडदोड रोडपर्यंत शिकवण्या घ्यायला जायचा, उन्हात काळाठिक्कर पडायचा. तिला विषमज्वर झाला तेव्हा त्यानं स्वतः भाकऱ्या थापल्या, वाकड्यातिकड्या. अशा नवऱ्याची तक्रार करायची तर कुणाकडे? माहेरी एकदा बोलून पाहिलं, तर आई म्हणाली, "मारत नाही, पीत नाही, आणि तू एका गाण्यासाठी रडतेस?" तेव्हापासून भागीरथीनं तोंड शिवून घेतलं.

वर्षातून एकदा, कानबाईला, ती आपलं गाणं आपल्या शब्दांत म्हणायची. तेही संपलं. एका श्रावणात शेजारच्या उषाबाई म्हणाल्या, "वहिनी, किती हुशार तुम्ही! सरांच्या चालीवर कानबाईचं गाणं बसवलंत." भागीरथीबाईंनी हातातलं आरतीचं ताट खाली ठेवलं. त्यानंतर त्यांनी कानबाईपुढेही तोंड उघडलं नाही.

मागणं तर केवढंसं होतं! चार लोकांत एकदा सांगा, ही चाल हिची आहे. पैसा नको, बक्षीस नको. सर म्हणायचे, "सांगेन ना. रिटायर होताना सांगेन." तो दिवस आला. भागीरथीबाई नवी पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. सर भाषणाला उभे राहिले. गुरूंचे आभार मानले, हेडमास्तरांचे मानले, पेटी दुरुस्त करणाऱ्याचेही मानले. शेवटी म्हणाले, "आणि माझी पत्नी. तिनं वेळेवर गरम पोळी दिली म्हणून मी सुरांची सेवा करू शकलो."

गरम पोळी! ती पैठणी त्यांनी पुन्हा अंगाला लावली नाही.

शेवटच्या दिवसांत सरांची वाचा गेल्यासारखीच झाली होती. दवाखान्यात पडल्या पडल्या बोटं चादरीवर चालायची, आणि भागीरथीबाईंना बोटांवरून कळायचं काय चाललंय ते. तीच चाल. एकदा सरांनी खुणेनं जवळ बोलावलं. ओठ हलत होते. आता सांगतो हा, म्हणून बाईंनी कान अगदी तोंडाशी नेला.

"चहा," सर म्हणाले.

बाईंनी चहा आणला. चमच्यानं पाजला. दोन दिवसांनी ते गेले.

आणि आता हा भजनवाला सांगतोय, अजरामर चाल! हॉलमध्ये केस पिकलेले विद्यार्थी सुरात सूर मिसळू लागले. योगेंद्र रुमाल डोळ्यांना लावून बसला होता. प्रार्थना त्या चढणीपाशी आली आणि भागीरथीबाईंनी हात लांबवून माइक ओढला.

"माय मन्ही दारमा उभी ऱ्हायनी..."

आवाज फाटला, थरथरला, पण वर गेला. भजनवाल्यानं पेटी थांबवली. बाईंनी कडवं पूर्ण म्हटलं, सावकाश खाली आणलं आणि मग माइकमध्येच स्वच्छ सांगितलं, "ही चाल माझी आहे. यांची नाही. मी केली, यांनी घेतली."

मग मागून कुणाचा तरी हुंदका आला, आणि पाठोपाठ सगळ्या बायका रडू लागल्या. उषाबाई म्हणाल्या, "बघा गं, किती एकजीव होते दोघं. त्यांचं ते हिचंच." योगेंद्रनं हळूच माइक काढून घेतला. "माफ करा," तो लोकांना म्हणाला, "आईला सदमा बसलाय." आणि पार्टीला त्यानं खूण केली, चालू ठेवा.

बाईंना आतल्या खोलीत नेलं. नात तेजस्विनी लिंबूपाणी घेऊन आली. कॉलेजात जाणारी पोर, घरातसुद्धा गुजरातीच बोलायची, आजीसाठी म्हणून मराठी. डोळे रडून लाल. तिनं आजीचा हात धरला. बाहेर प्रार्थना पहिल्यापासून सुरू झाली होती.

"आजी, किती सरस गायलीस! दादाजींनी तुला पण शिकवली होती ना ही चाल? मला कधी बोलली नाहीस तू. मला शिकव ना, त्यांची आठवण म्हणून."

भागीरथीबाईंनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. लाडकी नात. तिनं काय कुणाचं बिघडवलं होतं? शिकवली असती तर ती पुढची पन्नास वर्षं जीव लावून गायली असती, आणि प्रत्येक वेळी हात जोडून सांगितलं असतं, माझ्या दादाजींची.

बाईंनी तिच्या हातातून आपला हात काढून घेतला.

"नाही शिकवणार," त्या म्हणाल्या. "एकदा दिली तेवढी पुरे झाली."