सॅमनचा डबा

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये येऊन राहिलेले अमेरिकन शिपाई एथेल हॅलिवेलला डोळ्यांसमोर नको असत. भिंत दिसली की टेकतात आणि दिवसभर च्युइंगगम चघळत गुरांसारखे रवंथ करतात, असं ती खाटकाच्या दुकानापुढच्या रांगेत सगळ्यांना ऐकवायची. त्यांच्या छावणीतून आलेली कॉफी मात्र दोनदा मागून प्यायची. बाईचा तोरा तेवढा मोठा, बाकी सगळा आनंद.

तिची एकुलती एक लेक नोरीन नेमकी त्यांच्यातल्याच वॉरनच्या प्रेमात पडली. नोरीनला अजून एकवीस वर्षं पुरी नव्हती, त्यामुळे लग्नाला आईची सही हवी.

"आधी चहाला आण त्याला. मग बघते," एथेल म्हणाली.

गिरणीमागच्या त्या गल्लीत रविवारचा चहा म्हणजे परीक्षाच. एथेलने लढाईच्या आधीपासून जपलेला सॅमन माशाचा डबा फोडला, आठवड्याच्या रेशनचं सगळं लोणी टेबलावर मांडलं. वॉरनने घासभर मासा घेतला आणि पाव कोरडाच खाल्ला.

"घ्या की अजून!"

"नको मॅडम, पोट भरलंय."

कितीही आग्रह केला तरी तेच. तो गेल्यावर एथेल कडाडली, "आमचं अन्न घशाखाली उतरत नाही राजेसाहेबांच्या! सही विसर तू."

शेजारची ग्लॅडिस छावणीच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. तिने कपाळावर हात मारला. "अगं खुळे, त्यांना ताकीदच असते. इंग्रजांच्या घरी पुढ्यात येतं ते अख्ख्या घराचं रेशन, हात आखडता घ्या म्हणून. तुझ्याच तोंडचा घास वाचवला पोराने!"

एथेलला कळलं. पण तोवर गल्लीभर बोंब मारून झाली होती, आता माघार घ्यायची म्हणजे हसं व्हायचं. लेकीपेक्षा नाक प्यारं असल्या बायकांना! सही दिली नाही ती नाहीच. वॉरन तसाच फ्रान्सला लढायला गेला. तो जिवंत परतला हे एथेलचं नशीब, तिची पुण्याई नव्हे.

नोरीनला एकवीस वर्षं पूर्ण झाली, वॉरन रजेवर आला आणि दोघांनी आईला न विचारता लग्न केलं. लढाई संपल्यावर ती अमेरिकेच्या बोटीसाठी निघाली, तेव्हा एथेल धापा टाकत स्टेशनवर पोचली. हातात सँडविचचं पुडकं होतं.

"वाटेत खा गं. खरी अंडी घातलीत, रेशनची भुकटी नाही."

नोरीनने पुडक्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"नको आई. पोट भरलंय."

गाडी हलली. एथेल पुडकं छातीशी धरून तिथेच भिंतीला टेकली.