विस्मृतीचं पाणी

थीमिओकाकांनी आयुष्यभर लिवादिया गावच्या झऱ्यांकाठी कोळशावर सळईतल्या मांसाची सुवलाकी भाजली आणि थापा मारल्या. दोन्ही खमंग.

कड्याखाली झरे दोन. एक विस्मृतीचा, एक स्मृतीचा. पूर्वी गुहेतल्या देवाला कौल लावायला येणारे दोन्हींचं पाणी पीत. कोणता कुठला, हे आता गावाला आठवत नाही. पाहुण्यांनी विचारलं, की ते ज्याच्याकडे बोट दाखवतील तो झरा काका विस्मृतीचा ठरवून टाकत.

ऑक्टोबरात संत पेलाजियाचा दिवस आला. त्या नावाच्या प्रत्येक बाईचा सण. काका मिठाईचा डबा घेऊन पाववाल्याच्या विधवेकडे, पेलाजियाबाईंकडे गेले. "शंभर वर्षं जगा," म्हणाले. तिथंच जेवून परतले. दारात बायको उभी होती. तिचंही नाव पेलाजिया.

तिनं बॅग भरली. सकाळच्या बसनं बहिणीकडे जाणार. कायमची.

काका माझ्याकडे धावत आले.

"पोरा, तू साहित्य शिकलास. विस्मृतीचा झरा कोणता?"

"पुस्तकात डावा-उजवा असं काही दिलेलं नाही, काका. पण तुम्ही तर रोज लोकांना सांगता!"

"ते परके रे! त्यांच्या बायका त्यांनी सांभाळाव्यात. माझी गेली तर मी भांडू कुणाशी?"

शेवटी त्यांनी डावा झरा धरला. म्हणे, विसरायचं पाणी संथच असणार. सकाळी त्याच पाण्याची कॉफी केली. भांडण मिटवायला म्हणून मला शेजारी बसवलं.

काकू बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. काकांनी छातीवर क्रूस काढला.

"लग्नाच्या पंगतीत तुझी आई म्हणाली होती," काकू सावकाश बोलल्या, "पोरगी बरी आहे, पण खाते फार."

काकांचा चेहरा उतरला.

"आणि त्या रात्री तू रेडिओला कान लावून बसलास. तुझा संघ हरला म्हणून रडलास. मी नवी नवरी, तुझे डोळे पुसत होते!"

"पोरा," काका कुजबुजले, "उजवा होता. पळ, घेऊन ये."

"खबरदार हललास तर!" काकू माझ्यावर कडाडल्या. "तू साक्षीदार आहेस."

मी हललो नाही. मला हलता आलंच नसतं. चाळीस वर्षांचा संसार तारीखवार बाहेर पडू लागला होता.

खाली बसचा भोंगा वाजला.

"काकू, बस," मी कसाबसा म्हणालो.

"जाऊ दे. मी अजून पहिल्याच वर्षात आहे."

बॅग जमिनीवर ठेवून त्यांनी रिकामा कप काकांपुढे सरकवला.

"आणखी कर."