माहेरची खोड

त्या दिवशी दवाखान्यात आमी चौघं व्हतो. मी, माझा लेक बबन, खाटंवर माझी सून शकुंतला, अन् तपासनारी डाक्टरीणबाई. तिथं मी एक खोटं बोलले. आजपस्तोर कुनाला सांगितलं न्हाई. शकुंतलाला ठाव व्हतं — ती तर गेली. शाळा चौथीपस्तोर, म्हनून अक्षरं जुळवत लिवते.

कुठून धरू? बिडीपासून धरते.

आमी शिरूर कासारकडची. दसरा-दिवाळी झाली की कारखान्याला ऊस तोडाया. मी तरनी असल्यापासून बिडी वढते. उघड न्हाई — कोपीत, म्हंजी आमच्या पाचटाच्या झोपडीत, न्हाईतर फडात पाचटाआड. भूक मरती, थंडी मरती. शकुंतला नवी नवरी म्हनून आमच्या कोपीत आली, तवा माझे हात भाकरीच्या पिठात असायचे. हुकूम तिला — "सूनबाई, चुलीवर बिडी पेटवून आन गं." बिडी निस्ती इस्तवाला लावून पेटत न्हाई, वढावं लागतं. ती वढायची, ठसकायची, डोळ्याला पानी. मी हसायची. "कोयत्याला भेत न्हाईस अन् धुराला भेती व्हय?" ती बी हसायची, बिचारी.

पुढं ठसका गेला. पेटवून आनता आनता ती चार झुरके जास्तीचे घ्यायची. मला दिसत न्हवतं का? दिसत व्हतं. मी थांबवलं न्हाई. उलट माझ्या कट्ट्यातली बिडी तिच्या पदरात टाकली. मला सोबत झाली — एकटीनं चोरून वढायची लाज अर्धी झाली. लोक म्हनायचे, ह्या सासू-सुनंचं लई पटतं.

मंग तिची पाठ दुखाया लागली. आमी म्हनलो, मोळ्या उचलून दुखती. अन्न जाईना. डोळे पिवळे झाले, तवा कावीळ म्हनून झाडपाला केला. शेवटी मोठा दवाखाना. पोटाच्या मागं स्वादुपिंड असतंय म्हनं — त्याचा कॅन्सर. लांबवर गेलता.

डाक्टरीणबाईनं इचारलं, बिडी-तंबाखू?

"छ्या!" बबन म्हनला. "मी बाप्या असून वढत न्हाई, ती काय वढती?"

"वढते," शकुंतला म्हनली. डोळे झाकून.

डाक्टरीणबाई रागावली न्हाई. म्हनली, "धूर नुसता छातीतच राहत नाही. ओढणाऱ्याला हा आजार व्हायचा धोका जास्त असतो, बाई असो की पुरुष. प्रत्येकाला होतो असं नाही, पण धोका वाढतो." मला वाटायचं, बिडीनं निस्ता खोकला व्हतो, अन् त्यो बी गड्यांना.

बबन पिसाळला. "कुनी शिकवलं तुला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. निस्तं बघितलं — नाव घेतलं न्हाई. अन् मी काय बोलले?

"मला काय ठाव? माहेरची खोड असंल."

तिनं तोंड भिताडाकडं केलं. कारखान्याचा पट्टा पडायच्या, हंगाम सरायच्या आत ती गेली.

दहाव्याला तिची आई आली, दिंद्रुडहून. बबन भावकीसमोर बोलला, "तुमीच लावला हिला नाद." म्हातारी म्हनली, "आमच्यात तर कोनीच..." अन् पदर तोंडाला लावून खाली बसली. मी तिला चहा दिला. त्या हाताला बिडीचा वास व्हता.

मागं एकदा सांगाया निघालते. बीडच्या स्टँडापस्तोर गेले. दिंद्रुडकडची गाडी लागली, माझ्याम्होरून गेली. मी माघारी आले. कावून? भेले. दुसरं कायबी न्हाई.

बिडीनंच झालं असं डाक्टरीणबाई बी ठाम बोलली न्हाई. मी त्याच्या आड लपत न्हाई. बिडी मी दिली, अन् बोल तिच्या माहेराला लावला.

ती म्हातारी अजून हाय. तिला वाचता येत न्हाई. हे वाचनारं कोन दिंद्रुडकडं गेलं, तर शकुंतलाची आई म्हनून इचारा, अन् हे मोठ्यानं वाचून दाखवा. भावकीतली चार मानसं बसलेली असली, तर त्यांच्यासमोर वाचा.