कॅसेटमधला जामसरचा संघ

जव्हारच्या आमच्या कार्यालयातील आवक-जावक लिपिक तुळशीदास गेली एकवीस वर्षे एकच दावा करीत आला आहे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणे टाकून खेळला जाणारा व्हॉलीबॉलचा गेम घरच्या टीव्हीवर चालावा म्हणून एक कॅसेट तयार झाली होती. ती आपण केली, असे तो सांगतो. कॅसेट बाजारात येण्यापूर्वीच कंपनी बंद पडली. एकुलता एक नमुना पिशवीत घालून तुळशीदास आपल्या गावी, जामसरला परतला आणि परीक्षा देऊन लिपिक झाला.

ज्या कार्यालयात साध्या अर्जाची पोच मिळवायला तीन हेलपाटे पडतात, त्याने या दाव्याचा पुरावा मात्र तत्काळ मागितला. वरिष्ठ लिपिक देवानंद त्याला 'शास्त्रज्ञ' म्हणू लागले. पंखा बंद पडला तरी शास्त्रज्ञांना बोलावणे जाई. हसणाऱ्यांत मीही होतो.

पुरावा देणे अशक्य होते, कारण ती कॅसेट चालवणारे यंत्र तालुक्यात कोणाकडेच नव्हते. तेव्हा तुळशीदासाने हाती होते तेवढे केले. दर खंडेनवमीला तो ती आणून संगणक आणि शिक्क्यांशेजारी मांडी. शिपाई धर्मेंद्र, तोही जामसरचाच, तिच्यावर हळदकुंकू वाही आणि फुलाने पाणी शिंपडी.

यंदाच्या खंडेनवमीला बाजारपेठेतील हरिभाऊंचा मुलगा पराग पुण्याहून यंत्र घेऊन आला. जुने गेम जमवणे हा त्याचा छंद. पूजा उरकताच सगळे कार्यालय टीव्हीसमोर खुर्च्या ओढून बसले. एवढी उपस्थिती मी एकाही आढावा बैठकीत पाहिलेली नाही.

पडदा काळाच राहिला.

"शास्त्रज्ञ, देव पावलेला दिसत नाही," देवानंद म्हणाले.

परागने कॅसेट काढून तिच्या उघड्या तोंडात टॉर्च मारला. आत एकवीस वर्षांचे कुंकू घट्ट बसले होते. हिची पूजा करायला कोणी सांगितले, असे त्याने विचारले.

"हत्यार आहे ते माझं," तुळशीदास म्हणाला. "पूजा नको करू?"

स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन पराग अर्धा तास ते खरवडत होता. मग चित्र आले. देवानंदांच्या आग्रहावरून त्याने सर्वप्रथम गेम तयार करणाऱ्यांची यादी उघडली. मालक, मालकांच्या पत्नी, मेहुणे, दोन सल्लागार. तुळशीदास नव्हता. खुर्च्या मागे सरकू लागल्या. देवानंदांनी तर चहाच सांगितला.

तुळशीदास जागचा हलला नाही. "शेवटचा संघ घे," तो परागला म्हणाला.

परागने तो निवडला. खेळाडूंची नावे एकेक करून पडद्यावर उमटली, इंग्रजी अक्षरांत: सुकऱ्या, मधु, चंदा, लाडक्या. मूळ गेममध्ये अमेरिकन नावे होती म्हणे. ती आपण बदलली, असे तुळशीदास म्हणाला; मुंबईच्या मालकांना हीसुद्धा परदेशीच वाटली होती. त्यांपैकी लाडक्या सर्व्हिसला उभा राहिला, एक पाय मागे नेऊन, आणि त्याने डाव्या हाताने चेंडू हाणला.

धर्मेंद्रच्या हातातले प्रसादाचे ताट तिरपे झाले.

"हा माझा बा आहे," तो म्हणाला. "तो डाव्यानंच मारायचा. पाय बी असाच न्यायचा."

संघातले बाकीचे सगळे उजव्या हाताने खेळत होते. मागे सरकलेल्या खुर्च्या पुन्हा पुढे आल्या. चहाही आला. धर्मेंद्रने आपला कप खाली ठेवून ती सर्व्हिस परागकडून अकरा वेळा मारून घेतली.

'शास्त्रज्ञ' ही पदवी त्या दिवसापासून बंद झाली. पुढल्या आठवड्यात देवानंदांनी वरिष्ठ कार्यालयाला अहवाल पाठवला: तालुक्याची मान उंचावणारा हा गेम कार्यालयाच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा सुरू करण्यात आला. खाली चार कर्मचाऱ्यांची नावे होती, त्यांत पहिले देवानंदांचे. तुळशीदासाचे नव्हते.

त्याने अहवाल शांतपणे वाचला, नेहमीसारखा त्यावर जावक क्रमांक घातला आणि पाकीट बंद केले.