शामगव्हाणच्या पुढचं वळण

भावाचा फोन आला. "नाना गेले." मी विचारलं, "एकटेच?" काचबिंदूनं दृष्टी गेल्यापासून आमचे वडील कुणाचा हात धरल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

नाना मूळचे धुळ्याकडचे. उभं आयुष्य सुरतेच्या उधन्यात कापडाच्या लूमवर गेलं. दर चैत्रात ते सुरतेहून सप्तशृंगीच्या गडावर पायी जायचे. आई होती तोवर तीही बरोबर असायची. डोळे गेल्यावर आम्ही नको म्हटलं, तर म्हणाले, "डोया गयात, पाय शेतस ना?" मग शाळेत रजा टाकून मीच त्यांच्याबरोबर निघाले.

शामगव्हाण गाव सोडून आम्ही सापुताऱ्याचा घाट चढू लागलो, ती सकाळ माझ्या मनातून जात नाही. मोहाच्या फुलांचा गोड, जड वास रस्ताभर पसरलेला. नाना माझा खांदा धरून चालत होते आणि पुढचं वळण मला आधीच सांगत होते. एका वळणावर आंबा आहे, म्हणाले, तिथे तुझी आई शिदोरी सोडायची. वळण आलं. रस्ता रुंद करताना आंबा गेला होता. नाना थांबले, चेहरा वर करून म्हणाले, "ऊन लागतंय. तोडला ना?"

मी हो म्हटलं. ते चाचपडत उरलेल्या बुंध्यावर बसले आणि उन्हातच शिदोरी सोडली. झाड गेल्यामुळे दरी मोकळी झाली होती. मी तसं म्हणाले, तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला. "आते तू देख, मी आयकस."

मी सांगत गेले. एकामागे एक फिकट होत गेलेले डोंगर, पानं झडलेला साग, मधेच बांबूचं हिरवं बेट, खाली नदीची बारीक रेघ, कौलांतून निघणारा धूर... त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मग म्हणाले, "दिखनं माले."

गड झाला. पुढच्या चैत्रात त्यांना धाप लागायची, म्हणून जाणं झालं नाही, आणि या चैत्रात ते नाहीत.

उधन्याच्या घरात त्यांच्या खाटेपासून मोरीपर्यंत एक दोरी बांधलेली आहे. लूमच्या सुताची, त्यांनीच वळलेली. येणारे-जाणारे अडखळतात म्हणून भाऊ ती सोडायला निघाला होता; मी सोडू दिली नाही. त्यांच्या हातांनी ती गुळगुळीत झाली आहे. घरात कुणी नसलं की मी डोळे मिटते, ती धरते आणि चालू लागते... मोरीपाशी ती संपते.